बँकॉकहून आणलेला विहार

लोणावळ्यात जन्म गेलेल्या माणसाला पर्यटक नावाच्या प्राण्याबद्दल आदर वाटणं शक्य नाही. माझी सगळी नोकरी स्टेशनाला लागून असलेल्या रेल्वेच्या ऑफिसात झाली, आणि खिडकीतून वर्षानुवर्षं एकच देखावा दिसला. शुक्रवारी गाडीतून बरा दिसणारा माणूस उतरतो आणि रविवारी तोच माणूस डोक्यावर वेताची टोपी, हातात घुंगरं लावलेली काठी आणि दोन्ही बगलांत चिक्कीची पुडकी घेऊन घामाघूम होत गाडीत चढतो. शेंगदाणे त्याच्या गल्लीत मिळतात, गूळही मिळतो. पण ते दोन्ही एकत्र आमच्या गावात थापलं की त्याला ते घरी न्यावंसं वाटतं. जात मी मानत नाही, छप्पन साली आमच्या सगळ्या वस्तीनं ती सोडली. पण ‘गिऱ्हाईक’ ही एक जात मात्र मी मनातल्या मनात मानत आलो, आणि तिला आपल्याहून खालची समजत आलो.

असा मी, सत्तरच्या दशकात, आणीबाणीच्या थोडं आधी, बँकॉकला गेलो.

रजेच्या अर्जात ‘धम्मयात्रा’ असं लिहिलं होतं. पुण्यातल्या काही मंडळींनी बौद्ध देश बघायचा बेत काढला होता आणि मावळातल्या आम्हा पाच-सहा जणांना त्यात जागा मिळाली. नाव यात्रेचं, पण प्रत्येकाच्या मनात सहल होती, आणि सहलीच्या पोटात खरेदी. विमानात बसायच्या आधीच तळेगावच्या दवाखान्यातल्या एक मेट्रनबाई वही काढून कुणाकुणाला काय न्यायचं याची यादी वाचत होत्या. मी त्यांच्याकडे पाहून तोंड फिरवलं. मला फक्त एका माणसासाठी एक वस्तू आणायची होती, आणि तो माणूस म्हणजे माझी आई.

आई कार्ल्याला, डोंगराच्या पायथ्याच्या आमच्या जुन्या घरात एकटी राहायची. मी क्वार्टरमध्ये चल म्हटलं की म्हणायची, “तितं भात कुटं लावू?” तिच्या घरात, चुलीसमोरच्या भिंतीत, एक कोनाडा होता. पूर्वी त्यात देवांचे टाक असायचे. दीक्षा घेतली त्याच आठवड्यात तिनं ते सगळे पदरात बांधले आणि इंद्रायणीत सोडून आली. नुसते टाकच नाहीत, आमच्या भाताच्या खाचराच्या बांधावर शेंदूर फासलेला एक दगड होता, तो जागेवाला. म्हणजे त्या जमिनीत आधीपासून राहणारा, राखण करणारा, आणि भाताचा मुटका न मिळाल्यास माणूस आजारी पाडणारा. बाकीच्या बायका टाक सोडून आल्या, पण या दगडाला हात लावायला कुणी तयार नव्हतं. आईनं पहारीनं तो उकरला, ढकलत ओढ्यात नेऊन टाकला आणि घरी येऊन भाकरी थापायला बसली. त्या वर्षी भात बरा आला, हे ती कुणालाही सांगायची.

तेव्हापासून कोनाडा रिकामा होता. भिंतीवर दोन तसबिरी होत्या, पण त्या भिंतीवर. कोनाड्यात ती काही ठेवायची नाही, डबा नाही, कंगवाही नाही. भावकीतल्या आणि डोंगरकडच्या वाडीतल्या बायका टोमणे मारत, “देव घालवलं आन कोनाडा भुंडा ठिवला.” आई म्हणायची, “भुंडा बरा, खोटं नगं.” वीस वर्षं होत आली तरी तो कोनाडा तसाच होता, आणि आता तिचे डोळे अधू झाले होते. तिच्या हयातीत तिथं तिच्या मनाजोगं काहीतरी यावं, एवढीच माझी इच्छा होती. तिची तर होतीच.

निघायच्या आधी मी तिला विचारलं, काय आणू?

ती म्हणाली, “देवळात त्यांच्या पिंपळ आसंल. त्याचं येक पान आण.”

मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो, ते आठवतं. म्हटलं, “आई, मी विमानानं समुद्र ओलांडून जाणार आणि पिंपळाचं पान आणणार? पिंपळ कार्ल्याच्या फाट्यावर काय कमी आहेत?” तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. माझ्या लेखी तो विषय तिथंच संपला.

बँकॉकमध्ये पहिल्याच दिवशी आमच्या वाटाड्यानं सांगितलं की बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायची तर परवाना काढावा लागतो आणि त्याला बरेच हेलपाटे आहेत. झालं, सगळ्यांच्या अंगातली भक्ती एकदम मोकळी झाली. मूर्ती नेता येत नाही म्हटल्यावर आता काहीही न्यायला कुणाची हरकत नव्हती. सकाळी देवळात पंचशील म्हणून बाहेर पडलेली माणसं दुपारी नायलॉनच्या साड्यांवर तुटून पडली. कुणी बटण दाबलं की उघडणाऱ्या छत्र्या घेतल्या, कुणी वाघाचं चित्र असलेल्या बामच्या डब्या. मेट्रनबाईंनी लाकडाचे एकसारखे बारा हत्ती घेतले. मी विचारलं, “बारा कशाला?” तर म्हणाल्या, “कुणाला लहान-मोठा दिला असं व्हायला नको.” पुढं कुणाशी काय बोलावं?

सगळ्यांत जास्त कीव मला आली ती कुसगावच्या आबांची. रेल्वेत गँगमन होते, घाटातल्या रुळांवर हातोडा घेऊन चालण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि निवृत्तीनंतर लेकाच्या आग्रहानं या यात्रेला आले होते. धोतर, कोट, पायात कॅनव्हासचे बूट. आबांना बाजाराशी काही घेणं नव्हतं. एका मोठ्या विहाराच्या आवारात पिंपळ होता, आणि त्याखाली झाडणारा एक थाई माणूस पानांचा ढीग करत होता. आबा त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. तो बिचारा गांगरला, त्यानंही झाडू काखेत धरून हात जोडले. मग दोघांची खुणांची भाषा सुरू झाली, आणि आबा त्या ढिगाशी उकिडवे बसून पानं निवडायला लागले. किडकं बाजूला, फाटकं बाजूला. निवडलेली पानं जुन्या वर्तमानपत्रात घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात.

मी तिथंच, चार लोकांत, म्हटलं, “आबा, एवढ्या लांब येऊन पालापाचोळा नेताय?”

आबांना राग येत नसे. म्हणाले, “वस्तीवर बाया-बापड्या लय हायेत. येकेक दिलं तरी पुरत न्हाई.” मग वर झाडाकडे बघून म्हणाले, “आन कुणी हितनं फुलं-फांद्या तोडत न्हाई, बगितलंस का? खाली पडंल त्येच घ्येत्यात.”

मी नव्हतं बघितलं. मला तेव्हा वेगळंच काही दिसलं होतं, आणि ते एकट्या मलाच दिसलंय याचा मला गर्व झाला होता. त्या शहरात प्रत्येक घरासमोर, दुकानासमोर, आमच्या हॉटेलासमोरसुद्धा एका खांबावर छोटं, नक्षीदार, टोकदार छपराचं घर उभं असे. त्याला ताजे हार, पुढं उदबत्ती. मी मनात म्हटलं, वा! याला म्हणतात बुद्धाचा देश. आपल्याकडे चार वस्त्या मिळून एक विहार उभा राहायची मारामार, आणि इथं प्रत्येकाच्या दारात स्वतःचा विहार. बाकीचे हत्ती मोजत असताना मला या देशाचं मर्म कळलं होतं. आईच्या कोनाड्यात काय जायचं ते माझं ठरलं.

शेवटच्या दिवशी मी असली घरं विकणाऱ्याचं दुकान शोधून काढलं. हातभर उंचीचा, सागवानी, सोनेरी कडांचा एक विहार मला आवडला. दुकानदाराला मोडकं इंग्रजी येत होतं, मला ऑफिसातलं. त्यानं विचारलं, “गार्डन? यू हॅव गार्डन?”

मी म्हटलं, “नो गार्डन. मदर.”

तो जरा घोटाळला. मग घरावर हात ठेवून, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, “धिस हाऊस, लँडलॉर्ड.” आणि जमिनीकडे बोट दाखवलं. मला लगेच कळलं. जमीनदार लोक विहार बांधून देतात, दान करतात, हे मी पुस्तकांत वाचलं होतं. मी समजूतदारपणे मान हलवली आणि म्हटलं, “यस, यस. गुड लँडलॉर्ड.” तोही बिचारा मान हलवायला लागला.

घराबरोबर त्यानं चार मातीच्या बाहुल्या दिल्या. दोन नाचणाऱ्या मुली आणि एक म्हातारा-म्हातारीचं जोडपं. नाचणाऱ्या मुली मी परत केल्या. विहाराच्या दारात नाच! त्याला मी शीलाबद्दल चार वाक्यं ऐकवली, ती त्याला कळली नसावीत. म्हातारा-म्हातारी मात्र ठेवून घेतली, ते उपासक-उपासिका आहेत हे तर उघडच होतं. परतीच्या विमानात ते घर मी मांडीवर धरून बसलो. छपराचं टोक हनुवटीला टोचत होतं. शेजारी मेट्रनबाईंच्या पायाशी बारा हत्ती होते, आणि त्यांच्याकडे मी किती तुच्छतेनं पाहिलं हे मलाच माहीत.

कार्ल्याला मी ते घर चोरासारखं नेलं नाही. पौर्णिमा बघून नेलं. वस्तीतले लोक जमले, मी छोटंसं भाषण केलं. त्यात चिक्कीचा उल्लेख होता, एवढं आठवतं. वस्तू आणण्यात आणि आठवण आणण्यात फरक असतो, असं काहीतरी मी बोललो. आईनं हात धुऊन पुसले, घर कोनाड्यात ठेवलं. आत बुद्धाची एक छोटी तसबीर बसवली, पुढं म्हातारा-म्हातारी. ती जवळ वाकली, अधू डोळ्यांनी बराच वेळ बघत राहिली.

“ही म्हातारी कोन?”

“उपासिका.”

“बरी हाय,” आई म्हणाली. “दमलेली दिसतीया.”

आबाही कुसगावहून आले होते. त्यांनी मान वाकडी करून घर पाहिलं आणि म्हणाले, “ह्ये खांबावर असायचं न्हाई का? हाटेलाच्या म्होरं. तितं येक बाई भाताचा घास आन पेलाभर पानी ठिवताना म्या बगितली. आपन बांधावर ठिवायचो तसं.”

मी म्हटलं, “आबा, तुम्हाला कुठंही गेलात तरी बांधच दिसणार.” लोक हसले. आबाही हसले. आईनं मात्र एकदा आबांकडे पाहिलं आणि एकदा घराकडे.

पुढचे सहा-सात महिने मी खूश होतो. भावकीतल्या बायकांचे टोमणे बंद झाले, उलट त्याच घर बघायला यायला लागल्या. ऑफिसातल्या लोकांना मी हे इतक्यांदा सांगितलं की मी ‘बँकॉक’ म्हणायला तोंड उघडलं की ते चहा सांगायला उठत.

हिवाळ्यात एक थाई भिक्खू कार्ल्याची लेणी बघायला आले. ते पुण्यात पाली शिकत होते आणि त्यांना बऱ्यापैकी हिंदी येत होतं. हे कळल्याबरोबर मी रजा टाकली. त्यांना लेणी दाखवली, पायऱ्या उतरताना हळूच सांगितलं की माझ्या आईच्या घरी तुमच्या देशातला विहार आहे. ते म्हणाले, जरूर बघू. मला त्यांच्या तोंडून वस्तीसमोर शाबासकी हवी होती, उगीच खोटं कशाला बोलू. चार माणसांना मी आधीच बोलावून ठेवलं होतं.

भिक्खू दारातून वाकून आत आले, आईनं वंदन केलं, आणि मग त्यांची नजर कोनाड्याकडे गेली. ते थबकले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. फार सौम्य माणूस होता. म्हणाले, “ये तो बाहर रखते हैं. घर के अंदर नहीं.”

मी म्हटलं, “जी, मगर इधर बाहर बारिश बहुत होती है.”

ते जरा हसले. म्हणाले, “ये बुद्ध का घर नहीं है. ये लँडलॉर्ड का घर है.”

आईनं विचारलं, “काय म्हनत्यात?”

मी म्हटलं, “जमीनदाराचं घर आहे म्हणतात.” माझ्या कानशिलात काहीतरी गरम व्हायला लागलं होतं, पण अजून मला कळलं नव्हतं. की कळून घ्यायचं नव्हतं.

आई म्हणाली, “इच्यार त्यास्नी, जिता का मेलेला?”

मी विचारलं नाही. पण भिक्खूंना प्रश्नाचा रोख कळला असावा. ते बोट जमिनीकडे करून म्हणाले, “जो पहले से इस ज़मीन में रहता है. उसको जगह देते हैं, खाना देते हैं, ताकि नाराज़ न हो.” मग त्या म्हातारा-म्हातारीकडे बोट करून म्हणाले, “ये उसके नौकर.”

हे आईला भाषांतर करून सांगायची गरज पडली नाही. ती म्हणाली, “आरं, ह्यो तर जागेवाला!”

आईनं कमरेवर हात ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा सात वर्षांचा झालो.

“म्या पहारीनं उकरला,” ती म्हणाली. “वड्यापातूर ढकलत न्येला. पाठ धरलीती चार दीस. आन तू त्यो इमानानं परत आनलास व्हय? मांडीव बसवून?”

दारातली माणसं आधी दबकत हसली, मग मोकळी हसली. भिक्खूंना काय झालं ते कुणीतरी हिंदीत सांगितलं, आणि तेही चिवराचं टोक तोंडाला लावून हसले. मी हसलो नाही. मला राग आला होता, आणि तो कुणाचा आला तेच कळत नव्हतं. त्या दुकानदारानं मला स्वच्छ सांगितलं होतं. आबांनी सांगितलं होतं. सगळ्या जगानं सांगितलं होतं आणि मी सगळ्या जगाला शीलाबद्दल ऐकवत बसलो होतो.

आईनं घर खाली काढलं. रागानं नाही, दुधाचं भांडं उतरवावं तसं बेतानं. आधी बुद्धाची तसबीर बाहेर घेतली आणि कपाळाला लावली. मग तिनं त्या छोट्या दारातून पुन्हा बोटं आत घातली, तसबिरीच्या मागच्या जागेत, आणि वर्तमानपत्राची एक लहान घडी बाहेर काढली. ती तिनं उलगडली. आत पिंपळाचं एक पान होतं. वाळून त्याची नुसती जाळी राहिली होती, देठ मात्र शाबूत होता.

मी ते वर्तमानपत्र ओळखलं.

“हे कधी?” मी विचारलं.

“तू ह्ये घर आनलंस त्याच हप्त्यात. कुसगावच्या आबानं आनून दिलं.”

“मग कोनाड्यात का नाही ठेवलंस? इतके महिने आत लपवून?”

“तू येवढं मांडीव धरून आनलंस,” आई म्हणाली, “त्ये काडून त्याच्या जागी दुसऱ्याचं कसं ठिवू?”

तिनं पदरानं कोनाडा पुसला, बुद्धाची तसबीर मागं टेकवली आणि तिच्या पायाशी ते पान ठेवलं. भिक्खू पुढं आले आणि त्यांनी हात जोडून गाथा म्हटली. सगळे म्हणाले, मीही म्हणालो. ते सागवानी घर पुढं खुराड्याच्या छपरावर गेलं, चिमण्यांनी त्यात दोन-तीन विणी काढल्या. म्हातारा-म्हातारी आईनं चुलीजवळ ठेवली. नोकर आहेत म्हटल्यावर त्यांना बाहेर काढायला तिचं मन धजेना.

माणसं गेल्यावर मी तिला विचारलं, “निदान मला सांगायचंस तरी, की पान आलंय.”

ती भाकरीचं पीठ मळत होती. वर न बघता म्हणाली, “तू हसला असतास.”

मी ‘नाही’ म्हणणार होतो, त्याऐवजी पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी सरकवला. हसलो असतो, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.